गाठीची सावली

काचेवर झाड काढायचं म्हणजे उलटं काढायचं, हे लोकांना कितीही सांगा, डोक्यात शिरत नाही. शहापुरात माझं दुकान होतं, दोन्ही अंगांना हातमागांची घरं, दिवसभर खटखट. गिऱ्हाईक यायचं, पाठीमागे हात बांधून उभं राहायचं आणि विचारायचं, अजून पान नाही, फांदी नाही, हे नुसते पांढरे ठिपके काय मारालाय? मी म्हणायचो, दवाचे थेंब आहेत. पानच नाही तर दव कशावर पडलं, असं वर आणि मलाच विचारायचे. मग माझं डोकं फिरायचं.

अहो, कागदावर जे शेवटी काढतात ते काचेवर पहिल्यांदा काढावं लागतं. रंग मागून लावायचा आणि चित्र पुढून बघायचं. जे सगळ्यांत पुढं दिसायला हवं ते सगळ्यांत आधी. थेंब आधी, मग पानाच्या शिरा, मग पान, मग फांदी, आणि शेवटी मागचं आभाळ. त्याला मी पाठ भरणं म्हणतो. पाठ भरली की खेळ खलास. एखादी मुंगी पानावर बसवायची राहिली असेल तर राहिलीच. सगळं खरवडून पहिल्यापासून काढा, नाहीतर मुंगीशिवाय राहा.

मी मूळचा कडोलीचा. घर शेतकऱ्याचं, पण माझं रानात मन लागेना, म्हणून एका म्हाताऱ्या चिताऱ्याच्या हाताखाली बेळगावात राहिलो. तो काचेवर देव काढायचा. माझ्या वेळेपर्यंत छापील तसबिरी बाजारात आल्या आणि काचेवरच्या देवांना कुणी विचारेना, तेव्हा मी झाडांकडे वळलो. कपाटांची दारं, आरशांच्या कडा, दाराच्या वर उजेडासाठी बसवतात त्या काचेच्या झडपा. कर्दळ, डाळिंब, जास्वंद, केळ. झाडं बरी, नाक चुकलं म्हणून भांडायला येत नाहीत.

माझी धाकटी बहीण सत्यवती, आमची सत्यू, निपाणीच्या पलीकडे सदलग्याच्या वाटेवर एका गावात दिलेली. नवरा मारुतीराव, भला माणूस, तंबाखूचं मोठं रान. सगळं बरं होतं, एवढंच की दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा पाचव्या महिन्यात सगळं संपलं. दुसऱ्या खेपेनंतर ती माहेरी आली होती. बोलायची नाही, अंगणात बसून कोंबड्यांकडे बघत राहायची. पोरपणी माझ्याशी कडाकडा भांडणारी ही पोरगी, मी मुद्दाम खोडी काढली तरी भांडेना.

दुसरी लढाई सुरू व्हायच्या आदल्या साली मारुतीराव दुकानात आले. तिसऱ्यांदा दिवस गेले होते, पाचवा लागला होता. बाळंतिणीच्या खोलीच्या दारावर एक झडप बसवायची होती. "सत्यू म्हणतीया, डोळं उघडलं की भावाच्या हातचं फूल दिसाय पायजे," ते म्हणाले, आणि मान फिरवून रस्त्याकडे बघत राहिले. मी दोन कोऱ्या काचा गवतात गुंडाळल्या, रंगांची पेटी घेतली आणि दुसऱ्या दिवशी सर्व्हिस मोटारीत बसलो. दुसरी काच फुटली-बिटली तर म्हणून घेतलेली.

निपाणीत उतरल्यापासून नाकात तंबाखू. पुढं रवळू गाडीवानाच्या गाडीतून गेलो. दोन्ही बाजूंना कमरेएवढं हिरवं रान, सुपाएवढी पानं, आणि एवढ्या रानात फूल म्हणून एक नाही. मला ते चमत्कारिक वाटलं. रवळूनं सांगितलं, फूल येऊ दिलं तर सगळा जीव शेंड्यात जातो आणि पान पातळ पडतं, म्हणून कळी दिसायचा अवकाश, शेंडा खुडतात. रानातून बायका ओळीनं चालल्या होत्या. एकमेकींशी बोलत होत्या, हसत होत्या, झाडाकडे बघतही नव्हत्या. अंगठा आणि शेजारचं बोट पुढं जायचं, टच् असा बारीक आवाज, की शेंडा खाली. चिकानं त्यांची तेवढी दोन बोटं काळी कुळकुळीत झाली होती.

बांधाजवळ एकच झाड उंच सोडलेलं दिसलं. माथ्यावर गुलाबी फुलांचा झुबका आणि देठाला लाल चिंधी. चिंधी दृष्ट लागू नये म्हणून असेल असं मी धरून चाललो. फुलं मात्र फार नाजूक, नळीसारखी, आत पांढरट आणि ओठाशी गुलाबी. कर्दळ काढायचा बेत मी तिथेच सोडला. तंबाखूच्या घरात तंबाखूचंच फूल, मला वाटलं, किती शोभेल.

सत्यू दारातच भेटली. तोंडावर तेज होतं, पण पाऊल जपून टाकत होती. मनगटावर तिच्याही लाल चिंधी. विचारलं तर म्हणाली, यंदा आत्तींनी बांधलीया, लई खाजती. आत्ती म्हणजे तिची सासू, रुक्माबाई. कमी बोलणारी, कामाला वाघ बाई. मी पडवीत उजेडाला बसलो आणि कामाला लागलो.

माझे रंग लाखेचे, स्पिरिटात कालवलेले, उन्हात ठेवले की लगेच वाळतात. आधी फुलाच्या ओठांवरच्या बारीक रेषा काढल्या, मग गुलाबी भरला, मग शिरा, पानं, देठ. चिंधी अर्थातच घेतली नाही. देखण्या झाडाच्या गळ्यात फडकं कोण बांधतो? शेवटी निळी पाठ भरली. सत्यू मधूनमधून येऊन बसायची, माझ्या टकलावरून मला चिडवायची. ती हसत होती म्हणून माझा हात त्या दिवशी फार सरळ चालला.

काच उन्हात वाळवली, जेवण केलं, आणि मग ती उलटी करून बघितली.

फूल नव्हतं.

पानं होती, देठ होता, निळं आभाळ होतं. जिथं झुबका काढला होता तिथं देठ आखूड तुटलेला होता, वरून सपाट, आणि त्या तुटक्या टोकावर चिकाचा एक थेंब. थेंबाला उजेडाचा पांढरा कण होता. मी असा कण एकाच वेळी देऊ शकतो, अगदी सुरुवातीला, काच कोरी असताना. आणि मी तो दिला नव्हता.

पहिल्यांदा मला रागच आला. कुणीतरी थट्टा केली असणार. मी काच पालथी करून पाठ तपासली. निळा जसाच्या तसा, माझ्याच कुंचल्याचे फराटे, कुठं ओरखडा नाही. मग वाटलं, बाजारातला गुलाबी भिकार निघाला, उन्हानं उडाला. पात्यानं झुबक्याच्या जागी नखाएवढा निळा खरवडला. खाली गुलाबीचा मागमूस नाही, सरळ काच. म्हणजे तिथं फूल कधी काढलंच नव्हतं. काच पुढून पुसायला गेलो तर त्या जागी फडकं चिकटलं.

सत्यूनं बघितलं आणि तोंडाला पदर लावून हसली, म्हणाली, "अण्णा, माझ्याशी भांडत फूल काढायचंच इसरलास व्हय?" तेवढ्यात रुक्माबाई हात पुसत बाहेर आल्या. काचेकडे बघितलं आणि जागच्या जागी थांबल्या.

"चिंधी कुठं हाय?"

मी विचारलं, कसली चिंधी मावशी? त्यांनी सत्यूचं मनगट धरून वर केलं. मनगट मोकळं होतं. पीठ मळायला बसली तेव्हा काढून खुंटीला अडकवलेली, ती तिथंच राहिली होती. म्हाताऱ्या बाईला मी तसं धावताना कधी बघितलं नव्हतं. चिंधी आणून तिनं इतकी करकचून बांधली की सत्यू कळवळली.

सत्यूला आत निजवून त्या माझ्यासमोर बसल्या. म्हणाल्या, रानात जे झाड बियाला ठेवायचं त्याला आधी चिंधी बांधतात, मगच खुडणारणी ओळ धरतात. बायका बघून खुडत नाहीत, हातानं खुडतात. चिंधी दिसली तर हात थांबतो. त्यांची नणंद अंबुबाई, लहानपणी कपाळ पांढरं करून माहेरी आलेली, तिनं जन्मभर शेंडेच खुडले. त्या भागात तिच्यासारखा हात नव्हता. सत्यू लग्न होऊन आली त्याच साली अंबुबाई तापानं गेली.

"श्यावटपतोर बोटं चालत हुती तिची," रुक्माबाई म्हणाल्या. "वाकळंचं दोरं खुडत हुती. ती वाईट न्हवती, पाव्हणं. माझी पोरं तिनंच वाढिवली. पर चिंधी न्हाय म्हंजे खुडायचं, येवढंच तिच्या हाताला ठावं."

मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. तसं त्यांना सांगणारही होतो. तेवढ्यात आतून सत्यूनं हाक मारली, फार हळू, "अण्णा..." तिच्या कमरेत कळ आली होती.

सुईण मालुबाई शेजारच्या गल्लीतून आली. पोटावर हात ठेवून बसली, बाहेर आली तेव्हा माझ्याकडे न बघता पाणी मागितलं. मी दारात गेलो. सत्यू भिंतीकडे तोंड करून पडली होती. "अण्णा, ह्यो बी जाणार व्हय रं?" तिनं विचारलं. मी वळलो आणि पडवीत येऊन दुसरी काच गवतातून काढली.

मी स्वतःला सांगितलं, म्हाताऱ्या बाईचं समाधान होईल, घरातली घबराट कमी होईल, तेवढंच सत्यूला बरं. असंच सांगितलं. पण काच कोरी असताना मी पहिला रंग घेतला तो लाल. आधी गाठ. गाठीची दोन टोकं, एक लांब, एक आखूड. ती नीट वाळू दिली. मगच फूल.

आत सत्यू कण्हत होती. मी ऐकत होतो आणि पानं भरत होतो. मारुतीराव अंगणात येरझाऱ्या घालत होते, त्यांची सावली काचेवर पडायची तेव्हा मी त्यांच्यावर खेकसायचो. ऊन भिंतीवर चढायच्या आत पाठ भरायची होती. कशी भरली ते आता आठवत नाही. फराटे वेडेवाकडे झाले.

काच वाळली. उलटी करायचा मला धीर होईना. रुक्माबाईंनी ती उचलली, फिरवली, तोंडासमोर धरली.

"हाय," त्या म्हणाल्या.

फूल होतं. देठाला चिंधी होती. थोड्या वेळानं मालुबाई बाहेर आली, म्हणाली कळा थांबल्या, पोरगी पेज मागालीया. मी गोठ्यात जाऊन बैलांच्या मध्ये बसलो आणि पोटभर रडलो.

दुसऱ्या दिवशी झडप दारावर बसवताना मारुतीराव म्हणाले, गाठीची सावली लई झ्याक धरलीसा. मी वर बघितलं. लाल गाठीच्या दोन्ही अंगांना काळसर डाग होते, खरंच सावलीसारखे. मी सावली काढली नव्हती. घाईत बोट लागलं असेल असं मनात म्हटलं आणि त्यांना नुसती मान डोलावली.

चैत्रात मुलगी झाली, ठणठणीत. जया नाव ठेवलं. मी दर भाऊबीजेला जायचो. पोरगी दारावरच्या त्या फुलाखाली रांगली, त्याखालीच पावलं टाकायला शिकली. सत्यू परत पहिल्यासारखी भांडकुदळ झाली. माझ्या आयुष्यात मी केलेलं एक काम चांगलं असेल तर ते हे, असं मला वाटायचं आणि अजूनही वाटतं. बहुतेक.

मधे एका पावसाळ्यात ओल लागून पाठीचा रंग एका कोपऱ्यात सुटला. भाऊबीजेला गेलो तेव्हा, जया बाहेर खेळत असताना, दुरुस्तीसाठी काच खाली घेतली आणि उन्हाकडे धरली. तेव्हा ती सावली नीट दिसली. काळं लालावर नव्हतं. लालाच्या आधी होतं, काच आणि माझा पहिला रंग यांच्यामध्ये. गाठीच्या एका अंगाला अंगठा, दुसऱ्या अंगाला बोट. कातडीच्या रेषासुद्धा उमटलेल्या. मी लाल रंग टेकवायच्या आधीच कुणीतरी गाठ असणार ती जागा चिमटीत धरून ठेवली होती.

ठसे लहान होते. अंबुबाई लहानखुरी बाई असणार. तरी मी रुक्माबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, अंबुबाईंचे हात कसे होते?

"बाप्या माणसावानी," त्या म्हणाल्या. "लांब बोटं. का?"

ते ठसे पुसायचे तर आधी चिंधी खरवडावी लागली असती. चिंधीशिवाय ते फूल क्षणभरही ठेवायची माझी छाती नव्हती. पाठ परत भरली आणि काच होती तिथं लावून टाकली.

देश स्वतंत्र झाला त्या साली रुक्माबाई पावसाळ्यात गेल्या. दिवाळीला मी पोचलो तर घरात आनंदीआनंद. इतक्या वर्षांनी सत्यूला पुन्हा दिवस होते, पाचवा चालू. मी पहिल्यांदा तिचं मनगट बघितलं. मोकळं होतं. मी रागावलो तर तीच माझ्यावर उखडली, म्हणाली आत्ती गेल्या, आता कोण बांधणार, आणि तुझी काच हाय की रं वर.

काच वर नव्हती. भिंतींना चुना दिला होता, तो वाळेपर्यंत म्हणून पडवीत खाली टेकवून ठेवलेली. मी तिच्याजवळच पाट मांडून बसलो. फूल होतं, चिंधी होती. सत्यू आत ओवाळणीचं ताट करत होती. मी म्हटलं, आधी एक चिंधी फाड, बांध, मग ओवाळ. ती आतून हसली.

तेवढ्यात जया रानातून आली, धापा टाकत. आज पहिल्यांदा बायकांच्या ओळीत गेली होती. मागनं मारुतीराव कौतुकानं सांगत आले, कुणी शिकवलं न्हाय, काय न्हाय, पर पोरीचा हात काय चालतोय, बायका बघत राहिल्या. जयानं अंगठा आणि बोट माझ्यापुढं नाचवलं. दोन्ही चिकानं काळे.

मी म्हटलं, जा, हात धू.

तिनं ऐकलं नाही. काचेसमोर उकिडवी बसली. ती काच जन्मात पहिल्यांदाच तिच्या हाताला लागेल एवढी खाली आली होती.

"मामा, ह्ये बघ."

तिनं अंगठा गाठीच्या एका अंगाला ठेवला, बोट दुसऱ्या अंगाला. बरोबर बसले. कुठंही बाहेर आले नाहीत, कुठं जागा उरली नाही.

मी तिचा हात धरायला पुढं झालो.

टच् असा बारीक आवाज झाला.

आत ताट खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग सत्यूची हाक, फार हळू. "अण्णा..."

मी उठलो नाही. काचेकडेही बघितलं नाही. जया माझ्यापुढं हात करून उभी होती, शाबासकीची वाट बघत. तिच्या काळ्या चिमटीत काहीतरी गुलाबी होतं.